बदकाचं व्याकरण चुकलंच नव्हतं

नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून बघणाऱ्या आम्हा पोरांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. शाळा सुटली की दप्तर भिरकावून शेजारच्या काकूंकडे ठिय्या. पडद्यावर एक ससा, एक काळं बदक आणि बंदूक घेतलेला एक टकलू. ससा शांतपणे काहीतरी बोलायचा, बदक चिडून काहीतरी ओरडायचं, मग धडाम्! धूर विरला की बदकाचं तोंड काजळलेलं आणि चोच फिरून डोक्यामागे गेलेली. आम्ही सतरंजीवर लोळायचो.

मध्येच ते बदक थबकायचं, थेट आमच्याकडे बघायचं आणि दोनच शब्द बोलायचं. ते शब्द काय होते हे मला कळायला पुढे पंधराएक वर्षं गेली. शब्द होते ‘प्रोनाउन ट्रबल’. सर्वनामाचा घोळ!

नुकतीच तोंडावर गोळी खाल्लेलं बदक प्रेक्षकांना व्याकरण सांगतंय, हे कळलं तेव्हा मी तो प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्या-पाचव्या वेळेला लक्षात आलं की बदकाचं व्याकरण चुकलेलंच नाही. एकही सर्वनाम चुकीचं नाही. किंबहुना व्याकरण बिनचूक आहे म्हणूनच गोळी त्याला बसते. ही काय भानगड आहे, ती जरा सावकाश उलगडून बघू.

फिल्मचं नाव ‘रॅबिट सीझनिंग’. २० सप्टेंबर १९५२ रोजी ती अमेरिकेत प्रदर्शित झाली. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकल मॉल्टीज, निर्मिती वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागाची. ससा म्हणजे बग्ज बनी, बदक म्हणजे डॅफी डक आणि बंदूकवाला एल्मर फड. ही तीन फिल्मांच्या मालिकेतली मधली. आधीची ‘रॅबिट फायर’ १९५१ ची, नंतरची ‘डक! रॅबिट, डक!’ १९५३ ची. प्रत्येक साधारण सहा-सात मिनिटांची, आणि तिन्हींत भांडण एकच: हंगाम कोणाचा, सशाचा की बदकाचा?

अमेरिकेत शिकारीला परवाना लागतो आणि कोणत्या प्राण्याची शिकार कोणत्या महिन्यांत करायची हेही ठरवून दिलेलं असतं. या फिल्मांच्या हिशेबात सशांचा हंगाम चालू असेल तर बदकं निर्धास्त, बदकांचा असेल तर ससे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार जवळपास बंदच, त्यामुळे हंगाम म्हटलं की आपल्याला आंबा आठवतो, नाहीतर उसाचं गाळप. म्हणून लहानपणी आम्हाला झाडावरच्या त्या पाट्यांचा अर्थच लागत नसे. तिसऱ्या फिल्मच्या सुरुवातीला डॅफी ‘बदकांचा हंगाम’ लिहिलेल्या पाट्या उपटून शेकोटीत घालत असतो, म्हणजे त्या वेळी हंगाम खरा कोणाचा आहे ते समजून घ्या.

नावांतही गंमत आहे. ‘सीझन’ म्हणजे हंगाम, पण ‘सीझनिंग’ म्हणजे पदार्थाला लावायचा मसाला. ‘डक’ म्हणजे बदक आणि ‘डक’ म्हणजे ‘खाली वाक’ही.

गोळीबार, पडापडी, धूर हे सगळं त्या काळच्या प्रत्येक कार्टूनमध्ये असायचं. या तीन फिल्मांत वेगळं काय, तर इथं हत्यार म्हणजे वाक्य. बंदूक एल्मरच्या हातात असते, पण चाप ओढला जातो तो बोलण्यानं. एल्मरला स्वतःचं मत नाही. शेवटचं जोरात बोलेल त्याचं खरं. शिवाय ‘रॅबिट फायर’मध्ये तो सांगून टाकतो की मी शाकाहारी आहे, शिकार नुसती हौस म्हणून करतो. म्हणजे ज्याच्यासाठी हे दोघे जीव तोडून भांडताहेत, त्याला दोघांपैकी कोणीच खायचं नाहीये!

‘रॅबिट फायर’मधला डाव सोपा आहे. बदक म्हणतं, सशाचा हंगाम. ससा म्हणतो, बदकाचा. सशाचा! बदकाचा! सशाचा! बदकाचा! प्रत्येक वाक्यासरशी बंदुकीची नळी इकडून तिकडे. लय लागली की ससा हळूच बाजू बदलतो आणि म्हणतो, सशाचा हंगाम! बदक त्याच तोऱ्यात, बदकाचा हंगाम, झाड गोळी! धडाम्.

तू पूर्व म्हणालास की मी पश्चिम म्हणणार, असे लोक आपल्या प्रत्येकाच्या घरात किमान एक असतात. त्यांचं मुद्द्याशी भांडण नसतंच, समोरच्याशी असतं. डॅफी त्यातला. ‘सशाचा हंगाम’ हे त्याचं मत नसून सशाला दिलेलं उत्तर आहे, आणि समोरच्यानं प्रश्न बदलला की उत्तर आपोआप उलटतं. बग्जनं ओळखलंय ते एवढंच.

पुढच्या वर्षी जोन्स आणि मॉल्टीजनी हीच खोड घेतली आणि तिच्यात सर्वनामं घातली. प्रसंग मराठीत साधारण असा होईल:

बग्ज (एल्मरला): मला आत्ताच उडवताय की घरी जाऊन?

डॅफी: त्याला आत्ताच उडवा! आत्ताच!

बग्ज (डॅफीला): तू मध्ये पडू नकोस. तुला आत्ताच उडवायची त्यांना काही गरज नाहीये.

डॅफी: गरज नाही कशी? मला आत्ताच उडवायला पाहिजे! (एल्मरकडे वळून) माझी मागणी आहे, मला आत्ताच उडवा!

धडाम्.

पहिली चलाखी बग्जच्या प्रश्नातच आहे. ‘आत्ता की घरी जाऊन?’ ऐकताना वाटतं, पर्याय दिलाय. पण पर्याय फक्त वेळेचा आहे. उडवायचं हे गृहीत, कोणाला हेही गृहीत. साडीच्या दुकानात आपण नुसता पदर बघत असतो आणि गादीवरचा माणूस विचारतो, ‘बिल कार्डानं की रोख?’ घ्यायची की नाही हा प्रश्न त्यानं कधीच मागे टाकलेला असतो. वाक्याच्या पोटात दडवलेल्या अशा गृहीताला विरोध करायला आधी ते दिसावं लागतं, आणि आपण तर ‘रोख’ म्हणून पाकीट काढलेलं असतं. इथं गृहीत आहे ते बग्जच्याच विरोधात, म्हणून डॅफी बिनघोर उडी घेतो. आपल्या फायद्याचं गृहीत कोण तपासत बसतं?

खरी मेख तिसऱ्या वाक्यात आहे, आणि तिथं जाण्याआधी एका पाटीपाशी थांबू. ‘आज रोख, उद्या उधार.’ ही पाटी न पाहिलेला मराठी माणूस विरळा. पाटीतलं एकही अक्षर खोटं नाही. दुकानदार तुम्हाला उधारी नक्की देणार आहे, उद्या. तुम्ही उद्या गेलात की पाटी तीच, पण ‘उद्या’ एक घर पुढे सरकलेला.

‘खुर्ची’ हा शब्द कोणीही, कुठंही, कधीही उच्चारला तरी खुर्चीच. पण ‘उद्या’, ‘इथे’, ‘मी’, ‘तू’, ‘तो’ हे शब्द तसे नाहीत. कोण बोलतंय, कोणाशी, कुठं आणि कधी, हे कळल्याशिवाय त्यांना अर्थच येत नाही. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं अशा शब्दांना ‘शिफ्टर’ म्हटलं. आपण सरकते शब्द म्हणू.

लहान मुलांना हे सरकणं उमगायला वेळ लागतो. माझी भाची दोन वर्षांची असताना कडेवर यायचं असलं की हात वर करून म्हणायची, ‘तुला घे.’ तिचं बरोबरच होतं की! दिवसभर सगळे तिला विचारायचे, ‘तुला घेऊ का?’ म्हणजे उचलून घेतात त्या मुलीचं नाव ‘तुला’. हाच शब्द आपण बोलायला लागलो की ‘मला’ होतो, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगतही नाही म्हणा. काही महिन्यांत पोरं आपली आपण शिकतात.

आता बदकाकडे परत. बग्ज म्हणतो, ‘तुला उडवायची गरज नाही.’ डॅफीला याला विरोध करायचाय. विरोध करताना दोन कामं करावी लागतात. ‘नाही’चं ‘आहे’ करायचं आणि सरकता शब्द सरकवायचा. सशाच्या तोंडचं ‘तुला’ म्हणजे डॅफी, तर डॅफीच्या तोंडी ते ‘मला’ व्हायला हवं. डॅफी दोन्ही कामं चोख करतो. ‘मला उडवायची गरज आहे!’ शाळेतल्या बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. एल्मर गोळी देतो.

आणि माझ्या भाचीसारखं बोलला असता तर? दोन वर्षांच्या मुलाची चूक करून, सशाकडे बघत, सशाचाच शब्द त्यानं तसाच परत फेकला असता: ‘तुला उडवायची गरज आहे!’ तर नळी सशाकडे वळली असती. चुकीचं व्याकरण त्याला वाचवणार होतं. बरोबर व्याकरण येण्याइतका तो शहाणा होता, म्हणून मेला.

जाता जाता एक विचार. डॅफी मराठी असता तर बहुधा बचावला असता. आपण रागात सर्वनाम गिळतो. ‘उडवायची काही गरज नाहीये’ याला मराठी माणसाचं उत्तर असतं, ‘गरज नाही कशी? उडवायलाच पाहिजे!’ कोणाला ते अध्याहृत. एल्मर बिचारा बंदूक धरून विचारत राहिला असता, अहो पण कोणाला? वर आपल्याकडे ‘आपण’ आहे, ज्यात मी येतो, तू येतोस आणि आदरानं बोलायचं तर फक्त समोरचाच येतो. ‘आपल्याला आत्ता उडवतील’ या वाक्यावर तिघेही पळाले असते. इंग्रजीत मात्र त्या वाक्यात ‘मी’ की ‘तू’ ते उघड म्हणावंच लागतं. विनोदाला लागणारी कात्री तिथं भाषेनंच धार लावून ठेवलेली आहे.

गोळी खाल्ल्यावर डॅफी चोच जागेवर बसवतो आणि म्हणतो, परत एकदा घेऊ. इथून पुढचं अर्धं मिनिट मला सगळ्या फिल्ममध्ये सर्वांत आवडतं. दोघे तोच संवाद पुन्हा म्हणतात, पण नाटकाच्या पहिल्या वाचनासारखा, सपाट आवाजात, कसलाही भाव न घालता. पोलीस पंचनाम्याला घटनाक्रम पुन्हा करून दाखवतात ना, तसा. बग्जचं ते तिसरं वाक्य येताच डॅफी ओरडतो, थांब! इथंच! आणि मग आपल्याकडे वळून ते दोन शब्द.

म्हणजे त्याला रोग सापडला. सर्वनामातच लोच्या आहे हे त्यानं अचूक हेरलं. आता उपाय बघा. तो म्हणतो, ‘तुला उडवायची गरज नाही’ असं नाहीच मुळी, ‘मला उडवायची गरज नाही’ असं आहे. आणि मी म्हणतो, गरज आहे! तर उडवा मला!

‘तुला’ खोडून ‘मला’ लिहिलं. शब्द बदलला, पण त्या शब्दाचं बोट जिकडे होतं तिकडेच राहिलं, कारण मधल्या वेळात बोलणारा बदलला होता. दुकानाच्या पाटीवरचं ‘उद्या’ खोडून ‘आजच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहून घेतल्यावर उधारी मिळेल, असं समजण्यासारखं. मराठीत याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डॅफी तर भिंग घेऊन हात दाखवतो.

हे सगळं कागदावर कळतं. पण पडद्यावर ते सेकंदाच्या अंशात कळावं लागतं, तेही व्याकरणाचं पुस्तक न उघडता. त्यासाठी जी कारागिरी लागते ती दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल थोडं.

सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये त्यातली प्रत्येक चौकट कोणीतरी ठरवलेली असते. बरेचदा एकच चित्र दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणून मिनिटाला ९० फूट. जोन्सच्या लेखी कार्टून म्हणजे ५४० फूट, सहा मिनिटं. थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवायची फिल्म, त्यामुळे लांबी ठरलेली. जास्तीची चित्रं काढून मग कापत बसायला ना वेळ ना पैसा. संकलन चित्रं काढायच्या आधीच, कागदावर.

संवाद आधी ध्वनिमुद्रित व्हायचे. मग दिग्दर्शक लांबलचक तक्ते भरायचा, एक ओळ म्हणजे एक चौकट. कोणत्या ओळीवर कोणता उच्चार, कोणत्या ओळीवर पापणी मिटते, आणि कुठं काहीच घडत नाही. डॅफी आपल्याकडे वळून बघतो आणि बोलण्याआधी क्षणभर गप्प राहतो, त्या गप्प राहण्यालाही तक्त्यात जागा द्यावी लागते. आपल्या वाक्यात काय बिघडलं हे त्याला कळतंय, ते आपण त्या जागेत बघतो.

एक चौकट म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. त्यानं काय फरक पडतो? जोन्सनं आपल्या त्या दुसऱ्या प्रसिद्ध गिऱ्हाइकाबद्दल, कड्यावरून कोसळणाऱ्या कोल्ह्यासारख्या कायोटीबद्दल, लिहून ठेवलंय. तो खाली पडत दिसेनासा व्हायला १८ चौकटी, मग १४ चौकटी काही नाही, मग जमिनीवर आपटणं. १३ ला हसू येत नसे, १५ लाही नाही. तबलजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. सम अर्ध्या मात्रेनं हुकली तर समोरच्याला कारण कळत नाही, पण मान हलत नाही.

दुसरं, कोण किती हलतं ते बघा. डॅफी सगळ्या अंगानं भांडतो. पंख, मान, चोच, थुंकीसुद्धा. बग्ज अर्धवट मिटल्या डोळ्यांनी उभा. जो कमी हलतो तो जिंकणार, हे पाच वर्षांच्या पोरालाही इंग्रजीचा शब्द न कळता समजतं. आम्हाला काकूंच्या घरी नेमकं तेच समजत होतं.

आणि हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे. मेल ब्लँक. हट्टी बदकही तोच आणि थंड डोक्याचा ससाही तोच. डॅफीचा आवाज मुद्रित करून थोडा वेगानं वाजवत, म्हणून त्याला ती किनरी घाई आहे. एल्मरचा आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा, ज्याचं नाव श्रेयनामावलीत नसे.

बदकाच्या चोचीचीही एक शिस्त आहे. गोळी प्रत्येक वेळी तशीच, पण चोच प्रत्येक वेळी वेगळीकडे. कधी मागे, कधी उलटी. कीर्तनात ध्रुवपद तेच राहतं आणि बुवा दर वेळी वेगळ्या जागेवरून त्यावर येतात, तसं काहीसं. पुढे टीव्हीवर दाखवताना अमेरिकेत काही ठिकाणी गोळी सुटण्याचा क्षणच कापून टाकला, हिंसा नको म्हणून. मग बदक बोलतंय आणि पुढच्या क्षणी काळं ठिक्कर, एवढंच उरलं. हिंसा गेली की नाही माहीत नाही, विनोद गेला.

मला सर्वांत मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. जोन्सच्या टोळीत नवी कल्पना निघाली की सगळे मिळून दोनेक तास बसत आणि त्या बैठकीत एक नियम असे: नकार द्यायचा नाही. ‘छे, हे नाही जमणार’ म्हणायला बंदी. सुचेल ते जोडायचं, नाहीतर गप्प बसायचं. ‘नाही’ म्हणायची मनाई असलेल्या टेबलावरून हे ‘आहे, नाही, आहे, नाही’ उठलं.

शेवटाकडे डॅफीला अनुभवानं एक गोष्ट शिकवलेली असते. ‘आत्ता’ म्हटलं की गोळी बसते. बग्ज पुन्हा तोच प्रश्न टाकतो, आत्ता की घरी जाऊन? या वेळी डॅफी फसत नाही. तो विजयी मुद्रेनं सांगून टाकतो, नाही, घरी जाऊनच! एल्मरही मान डोलावतो. प्रश्नातल्या दोन पर्यायांपैकी एक धोक्याचा निघाला, म्हणून त्यानं दुसरा निवडला. ‘कोणाला’ हे त्यानं अजूनही तपासलेलं नाही, आणि एल्मरच्या बरोबर घरी निघालंय ते बदक.

दोघे चालत एल्मरच्या घराशी जातात. आत शिरतात. दार बंद. आतून धडाम्. दार उघडतं आणि डॅफी बाहेर येतो, पुन्हा तेवढंच अंतर तुडवत बग्जपर्यंत. घाई नाही, ओरडणं नाही. त्याला फक्त एक वाक्य बोलायचंय, आणि या वेळी त्यातलं सर्वनाम कोणाकडे बोट दाखवतंय याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहत नाही. ‘तू नीच आहेस.’